केमोनंतर बीपी वाढलं, म्हणजे सगळ्या नसा कडक झाल्या का?

पत्र:

नमस्कार मॅडम, मी ४७ वर्षांची, सांगली जिल्ह्यातली. दोन वर्षांपूर्वी डाव्या स्तनात गाठ निघाली, ऑपरेशन झालं, काखेतल्या गाठी पण काढल्या, मग चार लाल केमो, नंतर दर आठवड्याच्या बारा, मग १५ दिवस लाईट, म्हणजे रेडिएशन. केमो संपून सव्वा वर्ष झालं, टॅमॉक्सिफेनची गोळी चालू आहे, पाळी केमोतच गेली ती परत आली नाही. कॅन्सरचे डॉक्टर म्हणतात सगळं चांगलं आहे. पण गावात शिबिर होतं तिथं बीपी १५२/९४ निघालं, मला आधी कधीच बीपी नव्हतं. दुसऱ्या मजल्यावर जाताना दम लागतो. केमो दिलेल्या हाताच्या नसा काळ्या पडून कडक झाल्यात, दीर मोबाईलवर वाचून म्हणाले की आतल्या, हृदयाकडच्या पण अशाच कडक होतात, आणि नसा साफ करायला लसूण-आलं-लिंबाचा काढा घे म्हणून मागं लागलेत. माझ्या वडिलांची ५८ व्या वर्षी अँजिओप्लास्टी झालेली. त्यात आता मोठ्या जाऊबाईंना पण हाच आजार निघालाय, वय ५६, शुगर आहे, रिपोर्टमध्ये हर-टू पॉझिटिव्ह आलंय. घरात सगळे म्हणतात हिचं बघा काय झालं, केमो नकोच. मी त्यांना काय सांगू? मी तंबाखू खात नाही, फक्त सकाळी मशेरी लावते.

उत्तर:

ताई, आधी जाऊबाईंचं सांगते कारण ते थांबायचं नाहीये. त्यांना सांगा की केमो नको असं घरात बसून ठरवू नका. तुमचं बीपी वाढलंय ते गोळीनं आणि सवयींनी आटोक्यात येतं, पण हर-टू पॉझिटिव्ह गाठ, म्हणजे जिच्या पेशींवर हर-टू नावाचं प्रथिन जास्त असतं ती, उपचाराविना सोडली तर ती थांबत नाही, ती यकृतात हाडात मेंदूत जाते. तुमच्यामुळे त्यांनी उपचार सोडले तर ते मला अजिबात चालणार नाही आणि तुम्हालाही आयुष्यभर टोचेल. त्यांच्यासाठी काय विचारायचं ते शेवटी नीट लिहिते, आधी तुमचं बघू.

हाताच्या काळ्या नसांपासून सुरुवात करू कारण सगळी भीती तिथूनच आलीय. केमो ज्या नसेतून दिली ती रक्त हृदयाकडे परत नेणारी शीर, औषध खूप तीव्र असतं आणि त्या बारीक शिरेच्या आतल्या बाजूला लागून तिथं सूज येते, मग ती कडक होते आणि वरची कातडी काळी पडते. ते दिसायला वाईट दिसतं, हात लांब करताना ओढ बसते, पण ते त्या हातापुरतंच असतं, हळूहळू महिन्यांनी बरंच मऊ पडतं. तेच औषध पुढे गेल्यावर सगळ्या रक्तात मिसळून पातळ होतं, त्यामुळे हातात जे दिसतंय तेच हृदयाच्या धमन्यांत झालंय असं नाही हं. हे आधी डोक्यातून काढा.

आता दिरांनी वाचलं ते पूर्ण खोटं आहे का, तर नाही. धमन्यांवर केमोचा परिणाम होतो, तो वेगळ्या पद्धतीनं होतो. लाल केमो म्हणजे डॉक्सोरुबिसिन. आपल्या धमनीला आतून पेशींचा एक अगदी पातळ थर असतो, तो नायट्रिक ऑक्साईड नावाचा वायू थोडा थोडा सोडत राहतो आणि त्यामुळे धमनी सैल पडते, गरज पडली की रुंद होते. डॉक्सोरुबिसिनमुळे शरीरात जे तिखट ऑक्सिजनचे कण तयार होतात ते हा वायू खाऊन टाकतात आणि त्या पातळ थरालाही इजा करतात, मग धमनीची लवचिकता कमी होते. २०१० मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी असं औषध घेणाऱ्या कॅन्सरच्या रुग्णांची एमआरआय काढून महाधमनी मोजली, म्हणजे हृदयातून निघणारी सगळ्यात मोठी धमनी, आणि उपचार सुरू झाल्यापासून साधारण चार महिन्यांतच ती लक्षात येण्याइतकी ताठर झालेली दिसली. उन्हात पडून राहिलेला रबरी पाईप कसा ताठ होतो, मोटर तीच असते पण पाणी सुरू झालं की आत धक्का जास्त बसतो, तसं समजा. ताठर धमनीत हृदयाच्या प्रत्येक ठोक्याचा धक्का शोषला जात नाही म्हणून वरचं बीपी चढतं आणि हृदयाला तेवढंच रक्त ढकलायला जास्त जोर लावावा लागतो.

आणि हे नीट समजून घ्या, ताठर होणं आणि ब्लॉकेज होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ताठरपणात आत काही साचलेलं नसतं, त्यामुळे साफ करण्यासारखं तिथं काहीच नाही. लसूण आलं लिंबू जेवणात खा की, छान आहे, पण तो काढा पिऊन धमनी मऊ होत नाही, आणि ब्लॉकेज असेल तर तो विरघळत पण नाही. सलाईन लावून नसा साफ करतो म्हणून हजारो रुपये घेणारे लोक आहेत, त्यांच्याकडे तर अजिबात जाऊ नका. आणि मेडिकलमधून स्वतःच्या मनानं इकोस्प्रिन आणून सुरू करायची पण पद्धत आहे आपल्याकडे, ती पण नको, रक्त पातळ करायची गोळी कुणाला लागते ते डॉक्टर ठरवतात.

तुमच्या बाबतीत एकट्या केमोला धरून चालणार नाही, चार-पाच गोष्टी एकाच वेळी आल्यात. लाल केमो झाली. पाळी गेली, म्हणजे धमन्यांना जपणारं इस्ट्रोजेन चाळीशीतच एकदम कमी झालं. डाव्या बाजूला लाईट घेतले आणि हृदय तिथंच आहे. वडिलांची अँजिओप्लास्टी ६० च्या आत झाली. केमोच्या आधी जे स्टिरॉइड देतात त्यानं भूक वाढते, घरचे पण ताकद यावी म्हणून डिंकाचे लाडू अळिवाचे लाडू खीर असं चारतात, बाहेर फिरणं बंद असतं, मग वजन वाढतं. तुमचं किती वाढलं ते तुम्ही लिहिलं नाही पण बहुतेकींचं वाढतंच. आणि शेवटच्या ओळीत तुम्ही मशेरीचं लिहिलंय.

मशेरी ही तंबाखूच आहे ताई. भाजून पूड केलेली तंबाखू. हिरड्यांतून तिचं निकोटिन सरळ रक्तात जातं, ठोके वाढतात, धमन्या आवळल्या जातात, बीपी चढतं, आणि हे तुम्ही रोज सकाळी करताय. मला माहितीये की ती लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, दिवस सुरू झाल्यासारखा वाटत नाही, माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी बायका हेच सांगतात आणि त्या खोटं बोलत नाहीत, सवयच तशी लागलेली असते. पण तुमच्या धमन्यांसाठी आज सगळ्यात जास्त फायद्याची गोष्ट कुठली असं विचाराल तर हीच. सोडल्यावर पहिले काही दिवस डोकं दुखेल, चिडचिड होईल, पोट साफ होणार नाही, त्यासाठी सकाळी कोमट पाणी, रात्री भिजवलेले मनुके, आणि दात घासायला साधी टूथपेस्ट. जमत नसेल तर सरकारची तंबाखू सोडवायला मदत करणारी फोन लाईन आहे, १८०० ११ २३५६, फोन फुकट आहे, तिथं बोला, लाजू नका.

आता बीपी. शिबिरात एकदा मोजलेल्या आकड्यावर मी गोळी पण सुरू करणार नाही आणि सोडून पण देणार नाही. गर्दी, रांग, चालत आलेलं, मनात धाकधूक, त्यानं आकडा वर जातो. दंडाला पट्टा लावायचं डिजिटल मशीन घ्या, मनगटाचं नको, किंवा आशाताईंना विचारा, प्राथमिक आरोग्य केंद्रात तर फुकट मोजून मिळतं. मोजायचं उजव्या दंडावर, कारण डाव्या काखेतल्या गाठी काढल्यात. आधी पाच मिनिटं खुर्चीत टेकून शांत बसा, पाय जमिनीवर, बोलायचं नाही, चहा किंवा मशेरीनंतर लगेच नाही. सकाळी दोनदा संध्याकाळी दोनदा असं सात दिवस वहीत लिहा. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी घरी १३५/८५ किंवा त्याच्या वर आली तर बीपी आहे असं धरायचं आणि फिजिशियनला वही दाखवून गोळी सुरू करायची. गोळीला घाबरू नका, बीपीच्या चांगल्या गोळ्या स्वस्त आहेत, सरकारी दवाखान्यात मिळतात, आणि बीपी खाली आलं की धमनीच्या भिंतीवरचा रोजचा मार कमी होतो. एकदा सुरू केली की बरं वाटतंय म्हणून मधेच बंद करायची नाही. आणि या सात दिवसांत कधी १८०/११० च्या पुढे गेलं तर सात दिवस पूर्ण करत बसू नका, त्याच दिवशी दाखवा.

दम लागतो त्यानं माझं लक्ष जास्त वेधलं. हृदयामुळेच लागतो असं मी म्हणत नाही, केमोनंतर हिमोग्लोबिन कमी असू शकतं, थायरॉइड बिघडलेला असू शकतो, लाईटमुळे फुफ्फुसाच्या एका कोपऱ्यात सूज राहिलेली असू शकते, आणि वर्षभर बसून राहिल्यानं शरीराचा दमसास पण जातो. पण लाल केमो घेतलेल्या बाईला दम लागला तर टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झालाच पाहिजे. तुम्ही इकोचं काहीच लिहिलेलं नाही, केमोच्या आधी झाला असेल, नंतर झाला का ते फाईलमध्ये बघा. युरोपातल्या हृदयतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२२ मध्ये ज्या सूचना काढल्या त्यात लाल केमो संपल्यावर वर्षाच्या आत इको करावा असं स्पष्ट आहे, तुमचं सव्वा वर्ष झालं, म्हणजे आता लगेच करा. इटलीतल्या मिलानमध्ये अशी औषधं घेतलेल्या २६२५ रुग्णांवर बरीच वर्षं लक्ष ठेवलं होतं, २०१५ मध्ये ते छापून आलं, त्यात ९ टक्क्यांच्या हृदयाचं पंपिंग कमी झालं आणि त्यातल्या जवळजवळ सगळ्यांचं ते पहिल्या वर्षातच दिसलं होतं, आणि वेळेवर गोळ्या सुरू केल्यावर बहुतेकांचं पूर्ण किंवा थोडंफार सुधारलं. म्हणून म्हणते, लवकर बघितलं तर हातात करण्यासारखं खूप असतं. तुम्ही घेतलेला डोस पण फार मोठा नाही, चार लाल केमो म्हणजे शरीराच्या आकारमानाच्या हिशोबानं साधारण २४० मिलिग्रॅम दर चौरस मीटरला होतात, हृदय फेल होण्याचा धोका जो झपाट्यानं चढतो तो ४०० च्या पुढे. डिस्चार्ज कार्डावर आकडा असतो तो एका कागदावर लिहून पाकिटात ठेवा, पुढे कधी कुठलाही डॉक्टर विचारेल तेव्हा उपयोगी पडतो.

इकोबरोबर ईसीजी, हिमोग्लोबिन, थायरॉइड, तीन महिन्यांची शुगर, कोलेस्टेरॉलचा पूर्ण रिपोर्ट आणि किडनीसाठी क्रिएटिनीन, एवढं बास. पॅकेजच्या नावाखाली शंभर तपासण्या नकोत, आणि स्वतःहून सीटी अँजिओ पण नको. कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिनची गोळी प्रत्येकीला लागत नाही, पण तुमच्या वडिलांचा इतिहास बघता डॉक्टरांनी दिली तर घ्या. टॅमॉक्सिफेन बंद करू नका, ती तुमच्या कॅन्सरसाठी आहे आणि खराब कोलेस्टेरॉल ती उलट थोडं कमीच करते. तिची भीती वेगळी आहे, शिरेत रक्ताची गुठळी होण्याची, म्हणून एकाच पायाची पोटरी सुजली, दुखायला लागली किंवा अचानक श्वास लागला तर त्याच दिवशी दवाखाना.

लाईटबद्दल थोडक्यात. स्वीडन आणि डेन्मार्कमधल्या २१६८ बायकांचा अभ्यास २०१३ मध्ये आला, त्यात हृदयाला बसलेल्या रेडिएशनच्या सरासरी डोसाच्या दर एका ग्रेमागे (ग्रे हे रेडिएशन मोजायचं माप) हृदयविकाराचा धोका ७.४ टक्क्यांनी वाढलेला दिसला आणि हे पहिल्या पाच वर्षांत सुरू होऊन पुढे वीसेक वर्षं राहतं. त्या बायकांना जुन्या मशीनवर लाईट दिलेले होते, आता हृदय वाचवून देतात, काही ठिकाणी श्वास रोखून धरायला लावतात त्यामुळे हृदय मागे सरकतं. तुमच्या रेडिएशन विभागाकडून हृदयाला सरासरी किती डोस गेला तो आकडा मागून घ्या, त्यांच्याकडे असतो. घाबरायला नाही, पुढची वीस वर्षं बीपी-कोलेस्टेरॉल किती कडक सांभाळायचं ते त्यावरून कळतं.

खाण्याचं सांगते. केमोत तोंडाची चव जाते म्हणून लोणचं, सांडगी मिरची, पापड, फरसाण, असलं खारट-तिखट लागतं आणि त्या वेळी मी पण म्हणते काहीही खा पण खा. पण चव परत आली तरी सवय राहते. दिवसभराचं मीठ सगळं मिळून एक चमचा, ५ ग्रॅम, त्यात लोणच्यातलं आणि पापडातलं पण आलं. ज्वारीची भाकरी, पालेभाजी, उसळ, ताक पण बिनमिठाचं, शेंगदाण्याची चटणी चमचाभर चालेल. जेवणावर वरून मीठ घ्यायची वाटी ताटाजवळून उचला. एवढं केलं तरी बीपीत फरक पडतो. लाडू आता बंद, ताकद लाडवानं येत नाही.

ताकद चालण्यानं येते आणि धमन्यांवर चालण्याएवढं गुणकारी मला दुसरं काही माहीत नाही. चालताना रक्ताचा वेग वाढतो, तो धमनीच्या आतल्या थरावर घासून जातो आणि तो थर पुन्हा नायट्रिक ऑक्साईड सोडायला लागतो, म्हणजे केमोनं जिथं इजा केली तिथंच व्यायाम काम करतो. इको होईपर्यंत हळू चाला, सपाटीवर दहा मिनिटं, दम लागला की थांबायचं. रिपोर्ट ठीक आला की वाढवत वाढवत आठवड्याला १५० मिनिटं, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगानं. घरातलं काम करते तेवढं पुरे असं म्हणू नका, धुणंभांडी करून कंबर मोडते पण हृदयाला तो व्यायाम मिळत नाही. एकटीनं बाहेर पडायला गावात अवघड वाटत असेल तर कुणीतरी जोडीला घ्या. आठवड्यातून दोन दिवस हलकं वजन उचलायचं, पाण्याची अर्ध्या लिटरची बाटली सुद्धा चालेल, डावा हात सुजेल म्हणून काहीच करायचं नाही हा सल्ला आता जुना झाला, हळूहळू वाढवलं तर त्यानं हात सुजत नाही हे तपासून बघितलेलं आहे. हात आधीच सुजलेला असेल तर मात्र फिजिओथेरपिस्टला विचारून.

दवाखान्यात कधी पळायचं ते पण लिहून ठेवा. छातीत दाब, जबड्यात किंवा पाठीत दुखणं, घाम फुटणं, आडवं झाल्यावर श्वास कोंडणं, दोन्ही पायांना सूज, ठोके वेडेवाकडे. बायकांना छातीत दुखण्याऐवजी नुसती मळमळ आणि दमल्यासारखं पण होतं आणि त्या ॲसिडिटी म्हणून सोडा पीत बसतात. १०८ ला फोन करा आणि सांगताना केमो झालीय हे पहिल्या वाक्यात सांगा. तुमच्या ओळखीत कुणी कॅपेसिटाबिनच्या गोळ्या, म्हणजे तोंडावाटे घ्यायची केमो, घेत असेल तर तिला सांगा की गोळी चालू असताना छातीत दुखलं तर पुढची गोळी घ्यायच्या आधी दवाखान्यात जायचं, त्या औषधानं हृदयाच्या धमन्या अचानक आवळल्या जाऊ शकतात.

आता जाऊबाई. त्यांचं वय आणि शुगर बघता हृदयाची काळजी पहिल्या दिवसापासून घ्यायची, मधे नाही. पहिली केमो व्हायच्या आधी टूडी इको, ईसीजी, बीपी, तीन महिन्यांची शुगर आणि कोलेस्टेरॉल झालेलं पाहिजे. त्यांना ट्रॅस्टुझुमॅब, म्हणजे हर-टूवरच नेमका मारा करणारं औषध, देतील, साधारण वर्षभर, आणि हर-टू गाठीत आज जो एवढा फरक पडलाय तो या औषधामुळेच, ते सोडायचं नाही. त्यानं पण हृदयाचं पंपिंग कमी होऊ शकतं, पण लाल केमोसारखं नाही, बहुतेकींचं औषध काही दिवस थांबवलं की परत वर येतं, म्हणून दर तीन महिन्यांनी इको करतात. ती तारीख चुकवायची नाही, पैसे कमी पडले तर हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात सांगा, महात्मा फुले योजनेचं पण तिथंच कळेल.

कॅन्सरच्या डॉक्टरांना एक प्रश्न नक्की विचारा: माझ्या गाठीला लाल केमो लागतेच का, की तिच्याशिवायचे उपचार चालतील? हर-टू गाठीत डोसिटॅक्सेल, कार्बोप्लॅटिन आणि ट्रॅस्टुझुमॅब असं लाल औषध नसलेलं कॉम्बिनेशन बरीच वर्षं वापरात आहे आणि त्यात हृदय फेल होण्याचं प्रमाण कमी आहे, छोट्या गाठीला तर याहून हलकं पण चालतं. तुमच्या जाऊबाईंना कुठलं योग्य ते गाठ किती मोठी आहे आणि काखेत गेलीय का यावर डॉक्टर ठरवतील, तो त्यांचा निर्णय आहे, पण हा प्रश्न विचारल्यावर कुठलाच चांगला डॉक्टर रागावत नाही. शुगरवाल्यांना केमोबरोबरच्या स्टिरॉइडनं दोन-तीन दिवस शुगर खूप चढते, त्या दिवसांत गोळ्या किंवा इन्सुलिन किती वाढवायचं ते आधीच विचारून कागदावर लिहून घ्या. हाताच्या नसा खराब होण्याची भीती असेल तर केमो पोर्टबद्दल विचारा, छातीत कातडीखाली बसवतात, मग दर वेळी हातात सुई नको आणि तुमच्यासारखे काळे डाग पण नकोत.

दिरांना आणि घरातल्यांना हे पत्र वाचून दाखवा, त्यांना काळजी आहे म्हणूनच ते शोधत बसतात, फक्त त्यांना काम वेगळं द्या. कुणीतरी एकानं जाऊबाईंच्या इकोच्या तारखा सांभाळायच्या आणि कुणीतरी तुम्हाला या आठवड्यात इकोला घेऊन जायचं. सात दिवसांचे बीपीचे आकडे आणि इकोत ईएफ, म्हणजे हृदयाच्या पंपिंगची टक्केवारी, किती आला ते मला कळवा, मग पुढचं बोलू.